कंबरदुखीला विजेचा शेक : आराम किती, उपचार किती

भिवंडीत कंबर धरली की माणूस आधी मेडिकलमधून गोळी आणतो, मग मलम चोळतो, कुणीतरी सुचवलेला पट्टा बांधतो आणि तेवढ्याने भागले नाही की ‘करंट लावून’ घेतो. पालथे झोपायचे, कमरेवर दोन किंवा चार चकत्या चिकटवून घ्यायच्या, मुंग्या येऊ लागेपर्यंत यंत्राचे बटण फिरवायचे, वीस मिनिटांनी उठायचे. असे आठ-दहा दिवस. कागदावर त्याला टेन्स किंवा आयएफटी म्हणतात. कातडीवरून नसांना विजेचे हलके स्पंद द्यायचे, हे दोन्हींचे मूळ तत्त्व. या उपचारावर गेल्या साठ वर्षांत भरपूर संशोधन झाले आहे आणि त्याचे निष्कर्ष वरवर पाहता एकमेकांना छेद देतात. एकीकडे शेकडो चाचण्यांचा आढावा सांगतो की विजेच्या स्पंदांनी दुखणे कमी होते. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना सांगते की जुनाट कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारात टेन्स वापरू नये. माझ्या मते या दोन विधानांत भांडण नाही, कारण ती दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिला प्रश्न, यंत्र चालू असताना दुखणे कमी होते का? दुसरा प्रश्न, तीन महिन्यांनी हा माणूस आधीपेक्षा बरा वाकतो, उचलतो, झोपतो का? पहिल्याचे उत्तर ‘होय, थोडेसे’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर आजवरच्या पुराव्यानुसार ‘नाही’ असे आहे. ज्या गावात हजारो घरे कमरेच्या जोरावर चालतात तिथे हा फरक रोजच्या मजुरीशी जोडलेला असतो. पहिल्या उत्तराच्या भरवशावर दुसऱ्याचे पैसे घेतले जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा आढावा.

आधी भिवंडीतली कंबर कशाखाली येते ते पाहू. यंत्रमागावरचा कामगार बहुधा बारा तासांच्या पाळीत काम करतो आणि एका वेळी अनेक माग सांभाळतो. दिवसभर उभे राहणे आणि मागांमधल्या अरुंद गल्लीत येरझाऱ्या घालणे तर आहेच, पण खरा ताण तुटलेला धागा जोडताना येतो. अंग पुढे झुकलेले, थोडे पिळलेले, हात लांब केलेले, आणि ही स्थिती पाळीत किती वेळा घ्यावी लागते याची मोजदाद नाही. मजुरी मीटरवर असल्याने थांबलेला माग म्हणजे बुडालेला पैसा. म्हणून दुखले तरी हात थांबत नाही. भरलेले बीम मागावर चढवणे, कापडाचे तागे उचलून रचणे ही कामे वेगळी. शहराबाहेर मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे या पट्ट्यात गोदामांचे दुसरे शहर उभे राहिले आहे. तिथे ट्रक रिकामे करणे आणि भरणे हेच काम. अमेरिकेतल्या व्यवसाय-सुरक्षा संस्थेने, म्हणजे नायॉशने, १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात सगळी परिस्थिती अनुकूल असताना उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो धरली आहे. माल अंगाजवळ हवा, पीळ पडता कामा नये, पकड चांगली हवी. यातली एकेक अट मोडली की मर्यादा आणखी खाली येते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंपर्यंत जाते. सिमेंटची एक गोणी ५० किलोंची असते. गोदामात ती अंगाजवळ, सरळ उभ्याने आणि सावकाश उचलली जाते असे कुणी म्हणणार नाही. घरात जमिनीवर बसून धागे कापणाऱ्या बायकांची कंबर तर या चर्चेत येतच नाही, आणि जगभरची आकडेवारी सांगते की कंबरदुखी बायकांत पुरुषांहून जास्त आढळते.

आता वीज. दुखऱ्या जागी वीज लावण्याची कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर विजेचा झटका देणारा जिवंत टॉर्पेडो मासा लावायला सांगत असे. पण आजच्या यंत्राची वंशावळ १९६५ पासून सुरू होते. त्या वर्षी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेचा ‘दारा’चा सिद्धान्त मांडला. कोपर आपटले की आपण नकळत ते चोळतो आणि बरे वाटते. असे का होते, याचे उत्तर त्यांनी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शोधले. स्पर्श आणि दाब यांची खबर जाड, जलद तंतू नेतात, तर वेदनेची खबर बारीक, मंद तंतू. मज्जारज्जूच्या मागच्या भागात दोन्हींची गाठ पडते आणि जाड तंतूंची वर्दळ वाढली की वेदनेचे दार काहीसे लोटले जाते. दोनच वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी विजेच्या स्पंदांनी माणसाची वेदना तात्पुरती थांबवून दाखवली. त्याच १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूलाच स्पंद देणारे उपकरण शस्त्रक्रियेने बसवले. अशी शस्त्रक्रिया कुणाला उपयोगी पडेल हे आधी ताडून पाहावे म्हणून कातडीवरून स्पंद देणारी छोटी यंत्रे वापरली जाऊ लागली, आणि काही रुग्णांना तेवढ्यानेच आराम पडतो असे दिसले. म्हणजे टेन्स आले ते चाचपणीचे साधन म्हणून. पुढे तेच उपचार म्हणून विकले जाऊ लागले. दवाखान्यातल्या आयएफटीचे घराणे थोडे वेगळे आहे. १९५० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या हान्स नेमेक यांनी सेकंदाला सुमारे चार हजार स्पंदांचे दोन प्रवाह एकमेकांत मिसळून ते अधिक खोल पोचवण्याची युक्ती काढली. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींची जाणीव सारखीच: मुंग्या आणि हलकी थरथर.

दाराचा सिद्धान्त पुढे अपुरा ठरला, पण चुकीचा ठरला नाही. आयोवा विद्यापीठातल्या कॅथलीन स्लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर आणि माणसांवर केलेल्या कामातून दिसले की विजेचे स्पंद शरीराची स्वतःची अफूसारखी रसायने जागी करतात. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंद दिले तर पेशींवरचे एका प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) चाळवतात, चार-पाच स्पंद दिले तर दुसऱ्या प्रकारचे, ज्यांवर मॉर्फीन काम करते ते. यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात आणि दोन्ही आपल्याकडच्या दवाखान्यांत क्वचितच सांगितल्या जातात. एक, स्पंदांची तीव्रता ‘जोरदार पण सोसण्याजोगी’ हवी. जेमतेम जाणवेल इतक्यावर ठेवले तर फारसे काही होत नाही. दोन, शरीराला त्याची सवय होते. निरोगी लोकांवर केलेल्या २०११ च्या एका प्रयोगात रोज एकाच पद्धतीने स्पंद दिल्यावर पाचव्या दिवसापर्यंत परिणाम घटलेला दिसला. आता आपली दहा बैठकांची पद्धत आठवा: तेच यंत्र, तीच जागा, तेच बटण, तीच वीस मिनिटे, रोज. शरीरशास्त्र जे टाळायला सांगते तेच आपण ठरावीक पॅकेज करून देतो. जुनाट दुखण्याच्या माणसाने दहा दिवसांत बरे वाटले नाही म्हणून स्वतःला दोष देत परत जावे, याहून वाईट काय.

उपचार म्हणून पुरावा काय सांगतो? यातली कळीची चाचणी १९९० ची आहे. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. जुनाट कंबरदुखीचे १४५ रुग्ण घेऊन त्यांचे चार गट केले: खरे टेन्स, खोटे टेन्स, आणि या दोन्हींसोबत व्यायाम. खोट्या यंत्राचे दिवे लागत होते, वीज येत नव्हती. महिन्याभराने वेदनेच्या मोजमापात खरे यंत्र लावलेल्यांमध्ये ४७ टक्के सुधारणा दिसली आणि खोटे लावलेल्यांमध्ये ४२ टक्के. पाच टक्क्यांचा तो फरक योगायोगाने पडण्याइतका लहान होता. व्यायाम करणाऱ्यांमध्ये सुधारणा ५२ टक्के होती, न करणाऱ्यांमध्ये ३७. ही तफावत मात्र खरी होती. पुढे २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दर्जेदार चार चाचण्यांतले ५८५ रुग्ण एकत्र पाहिले गेले आणि निष्कर्ष तोच निघाला, की जुनाट कंबरदुखीवर नियमित टेन्सला आधार सापडत नाही. २०१० मध्ये अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने कंबरदुखीसाठी टेन्सची शिफारस करू नये असे म्हटले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने या दुखण्यासाठी त्याचा खर्च देणे थांबवले आणि तो फक्त संशोधनात भाग घेणाऱ्यांपुरता ठेवला. २०१६ मध्ये ब्रिटनच्या नाइस संस्थेने टेन्स आणि आयएफटी दोन्ही देऊ नयेत असे सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिलीच मार्गदर्शिका काढली. तिच्यात टेन्ससोबत ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड आणि कंबरपट्टा यांनाही नेहमीच्या उपचारातून वगळण्याचा सल्ला आहे. आपल्याकडे कंबरदुखीच्या उपचाराचा जो ठरलेला साचा आहे तो जवळजवळ या वगळलेल्या चार गोष्टींचा बनलेला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा २०२२ चा आहे. मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ‘बीएमजे ओपन’मध्ये सर्व प्रकारच्या दुखण्यांवरच्या ३८१ चाचण्या एकत्र केल्या. त्यातल्या खोट्या यंत्राशी तुलना करणाऱ्या ९१ चाचण्यांत ४,८४१ लोक होते, आणि यंत्र चालू असताना किंवा बंद केल्यावर लगेच वेदना कमी असते असे दिसले. हा निष्कर्ष खोटा ठरवण्याचे कारण नाही. पण ‘चालू असताना किंवा लगेच’ हे शब्द त्याचा गाभा आहेत. महिन्याभराने काम करण्याची ताकद वाढली का, रजा कमी झाल्या का, हे त्यात नाही. दातदुखीवर लवंग धरल्याने बरे वाटते, ते खरेच असते, कीड मात्र तिथेच राहते. कंबरदुखीत कीड शोधणेही सोपे नसते. जुनाट कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत एखादे ठोस कारण दाखवता येत नाही. तिथे स्नायू, सांधे, झोप, काळजी, भीती आणि कामाचा ताण एकमेकांत गुंतलेले असतात. अशा दुखण्यात वीस मिनिटांचा आराम हा उपचाराचा एक कोपरा असू शकतो. तो संपूर्ण उपचार कसा होईल?

यावर टेन्सच्या जाणत्या समर्थकांचा पहिला आक्षेप असा असतो की जुन्या चाचण्यांत मात्राच कमी होती. हा आक्षेप वजनदार आहे. तीव्रता पुरेशी ठेवली नाही, वेदना आराम करताना मोजली, प्रत्यक्ष हालचाल करताना मोजली नाही, असे अनेक चाचण्यांबद्दल म्हणता येते. स्लुका यांच्याच गटाने २०२० मध्ये फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर जुनाट दुखणाऱ्या आजाराच्या, ३०१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत योग्य तीव्रतेचे टेन्स दिल्यावर हालचालीत होणारी वेदना खोट्या यंत्राच्या तुलनेत कमी झाली. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. पण तो समर्थकांना वाटतो तिकडे जात नाही. तो सांगतो की यंत्राचा फायदा हालचालीच्या वेळी होतो, म्हणून ते हालचालीच्या वेळी वापरावे. दवाखान्यात पालथे पडून घेतलेल्या वीस मिनिटांना त्याने आधार मिळत नाही. मात्रेचा आक्षेप मान्य केला तर सध्याची पद्धत आणखीच निराधार ठरते.

दुसरा आक्षेप रुग्णांचा स्वतःचा असतो आणि त्याचा मान ठेवूनच बोलले पाहिजे: “मला फरक पडला, तुम्ही कोण नाही म्हणणारे?” फरक पडला हे खरे. प्रश्न एवढाच की कशाने. डेयो यांच्या चाचणीत वीज न येणारे यंत्र लावलेल्यांमध्ये ४२ टक्के सुधारणा होती, हा आकडा इथे पुन्हा वाचावा. ती माणसे खोटे बोलत नव्हती. कंबरदुखी चढउताराची असते. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे सगळ्यात वर असताना, आणि तिथून ते बरेचदा आपोआप खाली येते. त्यात कुणीतरी नीट तपासले, हात लावला, वीस मिनिटे आडवे होऊ दिले, ‘बरे होईल’ म्हटले. बारा तासांच्या पाळीतून आलेल्या माणसाला ती वीस मिनिटांची विश्रांतीही औषधच असते. या गोष्टींना क्षुल्लक म्हणू नये. पण त्या यंत्राच्या नावावर जमा झाल्या की पुढच्या वेळी माणूस यंत्राकडेच येतो, आणि दर खेपेला त्याची अर्धी पाळी जाते.

तिसरा आक्षेप मला सर्वात जवळचा वाटतो. गोळ्यांपेक्षा तरी वीज बरी, असे तो म्हणतो. भिवंडीत डॉक्टरची चिठ्ठी नसताना वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेणारे लोक आहेत. त्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात, रक्तदाब वाढतो, आणि उष्ण, घामट कारखान्यात पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांना तर अधिकच धोका. अफूवर्गीय गोळ्यांबद्दल तर २०२३ च्या ऑस्ट्रेलियातल्या ३४७ रुग्णांच्या चाचणीने हेही दाखवले की नव्याने उठलेल्या कंबरदुखीत आणि मानदुखीत त्या खोट्या गोळीहून अधिक काही करत नाहीत. त्या तुलनेत टेन्स सुरक्षित आहे. पेसमेकर असलेल्यांनी ते लावू नये, गरोदरपणी पोट-कमरेवर लावू नये, गळ्याच्या पुढच्या बाजूला लावू नये, मधुमेहाने बधिर झालेल्या कातडीवर जपून वापरावे. एवढी पथ्ये पाळली तर धोका फारसा उरत नाही. म्हणून मी यंत्राच्या विरोधात नाही. मी ते दवाखान्याच्या खोलीत बांधून ठेवण्याच्या विरोधात आहे. बॅटरीवर चालणारे, खिशात मावणारे यंत्र आता काही बैठकांच्या खर्चात येते. ते माणसाच्या हातात असेल तर जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा, स्वतःच्या सोयीने, सकाळी अंग मोकळे करताना किंवा संध्याकाळी चालायला निघताना तो लावू शकतो. गोळी एक कमी झाली तर तो फायदा मोजण्यासारखा आहे. माग चालवताना मात्र ते लावता येत नाही. यंत्र किंवा वाहन चालवताना टेन्स वापरू नये ही त्याची नेहमीची सूचना आहे आणि धावत्या धोट्याजवळ तर ती पाळलीच पाहिजे. म्हणजे जिथे कंबर सर्वाधिक दुखते नेमकी ती जागा या साधनाच्या कक्षेबाहेर राहते.

चौथा आक्षेप उलट दिशेने येतो. व्यायाम सांगणे सोपे आहे, पण बारा तास उभ्याने राबलेल्या माणसाला व्यायाम सांगणे ही क्रूरता नव्हे काय? शिवाय व्यायामाचा पुरावा तरी किती मोठा आहे? कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यात २४९ चाचण्या होत्या आणि काहीही न करणे किंवा नेहमीचे उपचार यांच्या तुलनेत व्यायामाने शंभरपैकी सुमारे १५ गुणांनी वेदना कमी झाली. चमत्कार नाही, पण भरवशाचा फायदा आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना हळूहळू वाढवत चालण्याचा कार्यक्रम आणि समुपदेशन दिले त्यांना दुखणे परत उठेपर्यंत साधारण २०८ दिवस मिळाले, इतरांना ११२. चालणे फुकट आहे. पण मागांमधली येरझार म्हणजे ते चालणे नव्हे. ती धक्क्याधक्क्याची, वाकत-थांबत होणारी, गोंगाटातली आणि मनाविरुद्धची हालचाल असते. माझे उत्तर असे की व्यायाम मनाला पटेल असा सांगावा लागतो आणि त्याला भीती कमी करण्याची जोड लागते. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’, ‘नस दबली’ हे शब्द कानावर पडले की माणूस वाकायलाच घाबरतो आणि कंबर आणखी आखडते. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कसलेही दुखणे नसलेल्या विशीतल्या माणसांच्या एमआरआयमध्येही ३७ टक्क्यांत मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसली होती, ऐंशीतल्यांत ९६ टक्क्यांत. केसांप्रमाणे चकत्याही पिकतात. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या ४९२ रुग्णांच्या चाचणीत फिजिओथेरपिस्टने माणसाशी बोलत, त्याची भीती समजून घेत, त्याच्या स्वतःच्या कामाच्या हालचाली हळूहळू सरावात आणल्या. त्याचा फायदा वर्षभर टिकला. त्यासाठी यंत्र लागले नाही, वेळ लागला. आपल्या बाह्यरुग्ण विभागांत नेमका तोच नसतो, आणि यंत्राची लोकप्रियता बरीचशी तिथून येते. चार रुग्णांना चार यंत्रे एकाच वेळी लावता येतात, चार रुग्णांशी एकाच वेळी बोलता येत नाही. हा दोष फिजिओथेरपिस्टचा नाही. मुंबईने देशात फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवात केली ती १९५० च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथीनंतर. केईएम रुग्णालयात विद्यार्थ्यांना माणसाला पुन्हा उभे करायला शिकवले गेले. बटण फिरवायला माणूस लागतच नाही.

एका बाबतीत विजेचा आराम थेट घात करू शकतो आणि ती बाब भिवंडीत सांगितलीच पाहिजे. मणक्याचा क्षयरोग कंबरदुखीच्या रूपानेच येतो. हाडांच्या क्षयरोगापैकी सुमारे निम्मा मणक्यात होतो. दाटीची वस्ती, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार आणि कुपोषण ही क्षयरोगाची जमीन आहे. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, रात्री वाढणारे दुखणे, एकाच मणक्यावर दाबल्यावर होणारी कळ, यांपैकी काही असेल तर यंत्र लावण्यात घालवलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. त्याचप्रमाणे दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पायातली ताकद अचानक जाणे, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

शरीरात बसवायच्या उपकरणांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची जाहिरात आता आपल्या शहरांपर्यंत पोचते आहे. मज्जारज्जूला स्पंद देणाऱ्या उपकरणाचा खर्च लाखांत जातो. नॉर्वेत २०२२ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही पाय दुखत राहिलेल्या ५० रुग्णांत उपकरण चालू आणि बंद अशी आलटून पालटून तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही. कंबरदुखीसाठी या उपकरणांवरच्या १३ चाचण्यांतले ६९९ रुग्ण पाहणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यालाही दीर्घ फायदा आढळला नाही. पाठीच्या खोल स्नायूंना चालना देणाऱ्या नव्या उपकरणाला अमेरिकेत २०२० मध्ये परवानगी मिळाली, पण त्याच्या २०४ रुग्णांच्या मुख्य चाचणीत ५७ आणि ४७ टक्के असा फरक दिसला आणि तो योगायोगापलीकडचा ठरला नाही. दागिने गहाण टाकून घ्यावेत असे हे उपचार नाहीत, एवढे स्पष्ट म्हणावेसे वाटते.

मग भिवंडीसाठी काय उरते? जगात २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल असा अंदाज आहे. त्यातली मोठी वाढ आशिया आणि आफ्रिकेत होणार आहे, म्हणजे आपल्यासारख्याच राबणाऱ्या गावांत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे, त्यामुळे बाहेरच्या बाहेर घेतलेल्या बैठकांचा भार खिशावरच येतो. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी पंचवीस-तीस छोटी यंत्रे पंधरा दिवसांसाठी घरी देण्याची सोय केली तर ती बैठकांच्या मानाने स्वस्त पडेल. देताना एकच गोष्ट मोजावी: यंत्र लावून वाकताना, उठताना, वीस पावले चालताना दुखणे किती, आणि यंत्र न लावता किती. फरक असेल तर यंत्र ठेवून घ्यावे आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम करावा. नसेल तर परत करावे, पुढच्याला द्यावे. यंत्रासोबत चार भाषांतली, म्हणजे मराठी, हिंदी-उर्दू, तेलुगू आणि भोजपुरीतली सचित्र सूचना लागेल, कारण पद्मानगरातल्या तेलुगूभाषक विणकराला आणि बिहारहून आलेल्या हमालाला तीच चित्रे पण वेगळे शब्द लागतात.

या उत्तराचा दुसरा अर्धा भाग दवाखान्याबाहेरचा आहे. महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. त्याआधी १९४८ च्या कारखाने कायद्यात इजा होईल इतके वजन कुणाकडून उचलून घेऊ नये असे ३४ वे कलम घातलेले होते. म्हणजे कंबरेचे ओझे ही कायद्याची बाब आहे हे आपण पाऊण शतकापूर्वी मान्य केले आहे. त्याची अंमलबजावणी भिवंडीत अगदी साध्या वस्तूंपासून सुरू होऊ शकते: बीम नेण्यासाठी चाकांची गाडी आणि ती जाईल एवढी रुंद गल्ली, ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा, गोणीचे वजन निम्म्यावर, धागा जोडताना एक पाय टेकवायला फळी, आणि पाळीत दोनदा दहा मिनिटे माग थांबला तरी मजुरी न कापण्याचा करार. यांतली प्रत्येक गोष्ट कंबरेवरचा भार उगमाशी कमी करते. पाळी संपल्यावर पालथे पडून घेतलेल्या वीस मिनिटांच्या स्पंदांना ते करता येत नाही, आणि म्हणून यंत्राच्या किमतीची चर्चा करताना या गाडीची आणि ओट्याची किंमतही त्याच कागदावर लिहिली गेली पाहिजे.